बोली लावून घेतलेले बूट

आमच्या शाळेत तालुका क्रीडा स्पर्धेची तयारी चालू असताना घडलेली गोष्ट आज लिहितेय. लिहिताना थोडी लाज वाटते. पण हल्ली पालक मोबाईल पुढे करून विचारतात, "मॅडम, हे कंपनीचे बूट बोलीत स्वस्तात मिळतायत, घेऊ का?" तेव्हा सांगावीच लागते.

सातवीतली एक मुलगी फार छान धावते. अनवाणी. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतसुद्धा आधी अनवाणीच धावायच्या आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला त्यांनी कांस्यपदक मिळवलं, हे मी वर्गात नेहमी सांगते. सांगायला काय जातं! एक दिवस हिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सुई तापवून तो काढताना मला वाटलं, आता गोष्टी पुरे, बूट घेऊ.

दुकानात आदिदासचे धावायचे बूट चार हजारांच्या आसपास. मग भावाने एक ॲप दाखवलं, तिथे वस्तूंचा ऑनलाइन लिलाव होतो. बोली ९९९ पासून. "एकदम नवे, खोक्यासकट, माप चुकल्यामुळे विकतोय." शेवटची वेळ रात्री दहाची. साडेनऊला भाव १,४०० होता. मी १,५०० टाकले, कुणीतरी १,५५० केले. दहाला दोन मिनिटं कमी असताना मी स्वयंपाकघरात उभी राहून १,८५० दाबले, आणि बूट माझे झाले. पोळी करपली, पण जिंकल्याचा आनंद काय सांगू! आता कळतं, त्या अर्ध्या तासात मी बुटांकडे एकदाही पाहिलं नव्हतं, फक्त आकड्याकडे आणि घड्याळाकडे पाहत होते.

मी कांदेवाल्याची मुलगी. वडिलांबरोबर लहानपणी बाजार समितीत जायचे. तिथे ट्रॉली रांगेत लागते, व्यापारी कांदा हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो, खालून चार कांदे उपसतो आणि मगच तोंडातून भाव काढतो. वरच्या थराला भुलणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. आणि मी चार फोटोंवर बोली लावली! तेही फोटो कंपनीच्या वेबसाइटवरचे, हे नंतर फोटो सर्च करून पाहिल्यावर कळलं. विक्रेत्याला दीडशेच्या वर चांगले अभिप्राय होते. उघडून वाचले असते तर दिसलं असतं की बहुतेक मोबाईलच्या कव्हरचे आहेत. आणि "माप चुकल्यामुळे" विकणाऱ्या या माणसाकडे तेच बूट सहा ते दहा सगळ्या मापांत होते.

खोकं वेळेत आलं. इथे माझी दुसरी चूक. सोमवारी परिपाठात सगळ्यांसमोर द्यायचे म्हणून मी ते उघडलंच नाही, कपाटात ठेवलं. तक्रारीची मुदत तीन दिवसांची होती, ती कपाटातच संपली. सोमवारी टाळ्या झाल्या, फोटो झाला. ती तर बूट हातात घेऊनच घरी गेली, मातीत घालायला नको म्हणून.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा अनवाणी सरावाला आली. विचारलं तर म्हणाली, घरी विसरले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिची आई शाळेत आली, पिशवीत बूट घेऊन. तळ पुढून उघडला होता, फेविक्विकने चिकटवला होता, तो पुन्हा उघडला होता. आईच्या मागून पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून फाटले. मी जोरात पळाले."

पैसे गेल्याचं दुःख मी विसरले असते. पण खोट्या मालाचा दोष त्या लेकराने स्वतःच्या पायांवर घेतला होता. तिला तिथेच सांगितलं, "बाळा, तू नाही फाडलेस. मी फसले." तिचा विश्वास बसेना.

मग विश्वास बसेल असंच करायचं ठरवलं. आमच्या एका सरांकडे त्याच कंपनीचे दुकानातून घेतलेले बूट होते. दोन्ही जोड वर्गात टेबलावर ठेवले आणि मुलांना म्हटलं, शोधा फरक. पट्टी लावून टाके मोजले. सरांच्या बुटावर पाच सेंटिमीटरला कुठेही मोजा, टाके सारखेच. आमच्यावर एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला तेरा. पोषण आहाराच्या काट्यावर वजन केलं, आमच्याच जोडीत डावा-उजवा सारखे भरेनात. सोल्यूशनचा वास तर नाक न लावताही येत होता. खोक्यावर छापलेला मॉडेलचा कोड आणि बुटाच्या जिभेमागच्या लेबलवरचा कोड जुळत नव्हता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने तर कमालच केली. सरांच्या डाव्या आणि उजव्या बुटाच्या लेबलवर एक नंबर वेगवेगळा होता, आमच्या दोन्हींवर एकच! आदिदासच्या अस्सल जोडीत तो नंबर वेगळा असतो. नकली माल करणारे एकच लेबल छापून दोन्हीकडे लावतात. अर्थात लेबलही नीट छापता येतं, तेव्हा एकाच खुणेवर विसंबू नये.

ती मुलगी दोन्ही बूट हातात धरून कितीतरी वेळ ते नंबर वाचत होती. मग म्हणाली, "म्हणजे हे आधीपासूनच फाटायचे होते."

विक्रेत्याने फोन उचलला नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ॲपवाल्यांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते, विक्रेत्याचं नाव-पत्ताही दाखवायचा असतो. पोच आली, पैसे अजून नाहीत. ईबेने २०२० मध्ये अमेरिकेत महागडे बूट आधी तपासनिसाकडे पाठवून मगच ग्राहकाला द्यायची सोय सुरू केली. आमच्या ॲपवर तसलं काही नव्हतं.

आता पालकांना मी सांगते, बोली लावायचीच तर आधी विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. खरा माणूस काढून देतो, दुसरा टोलवाटोलवी करतो. ॲपच्या बाहेर यूपीआयने पैसे पाठवा म्हणाला की तिथेच थांबा. "फर्स्ट कॉपी" हा शब्द ऐकायला भारी वाटतो, अर्थ नकली असाच. जास्तीत जास्त किती द्यायचे ते आधी कागदावर लिहा, कारण शेवटच्या दोन मिनिटांत आपण आपले नसतो. आणि खोकं आलं की व्हिडिओ चालू ठेवून लगेच उघडा. परिपाठाची वाट पाहू नका!

तालुक्याला ती आठवडे बाजारातल्या साध्या कॅनव्हासच्या बुटांत धावली, तिसरी आली. जिल्ह्यासाठी आम्ही तिला नाशिकला दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने बूट पुढे केले, तर ही पाय घालायच्या आधी दोन्हींच्या जिभा उलटवून वाचत बसली. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

"वेगवेगळे आहेत, मॅडम," ती म्हणाली आणि मग लेस सोडायला घेतली.