साठाव्या मिनिटाचा हिशेब

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची म्हणून जी वेळ छापलेली असते, ती विमानतळाच्या व्यवहारात चाकांखालचे अडसर काढून विमान उभ्या जागेवरून हलण्याची वेळ असते. प्रवाशाला प्रत्यक्षात पाळावी लागणारी वेळ तिच्या बरीच अलीकडची, म्हणजे चेक-इन काउंटर बंद होण्याची असते. भारतातील देशांतर्गत उड्डाणांसाठी ही मर्यादा आज सर्वसाधारणपणे सुटण्याच्या ६० मिनिटे आधीची आहे, पूर्वी ती बहुतेक ठिकाणी ४५ मिनिटांची होती, आणि बोर्डिंग गेट, म्हणजे प्रवाशांना विमानाकडे सोडणारे दार, त्यानंतर २० ते २५ मिनिटे शिल्लक असताना मिटते. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर ही मर्यादा प्रवासी निमूटपणे मान्य करतात, कारण तेथील गर्दी आणि अंतरे डोळ्यांना दिसतात. जळगाव, नांदेड, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गाच्या चिपी विमानतळावर मात्र टर्मिनल एका सभागृहाएवढे असते, रांग जेमतेम दहा-बारा माणसांची असते, काचेपलीकडे विमान उभे असलेले दिसते, आणि म्हणून येथे १० मिनिटे उशीर झाला तरी चालेल असा समज सहज रुजतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विमान आणि विमानतळ जितके लहान, तितकी ही मर्यादा ताणायला जागा कमी असते.

या प्रश्नाला व्यापक रूप आले ते २०१६ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेमुळे, म्हणजेच ‘उडान’मुळे. या योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे आरंभी २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले आणि कंपनीला येणारी तूट अनुदानातून भरून देण्याची व्यवस्था झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गाबरोबरच नांदेड–हैदराबाद मार्गही सुरू झाला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ उघडला, आणि २०२४ पासून गोव्यातील मोपा हे मुख्य ठाणे करून फ्लाय९१ ही नवी प्रादेशिक कंपनी उडू लागली. या मार्गांवर प्रामुख्याने एटीआर ७२ हे सुमारे ७० आसनांचे, पंख्यांवर चालणारे विमान दिसते. स्टार एअरकडे ५० आसनी एम्ब्रेअर जेट आहेत, तर देशाच्या काही भागांत अवघ्या ९ प्रवाशांचे सेसना कॅराव्हॅन विमानही नियमित सेवेत आहे.

काउंटर बंद झाल्यानंतरच्या तासाभरात जे घडते ते प्रवाशाला दिसत नाही, आणि न दिसल्यामुळेच तो तास रिकामा वाटतो. त्या तासातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे लोड शीट तयार करणे. लोड शीट हे विमानाचे रिकामे वजन, इंधन, प्रवासी, त्यांचे सामान आणि माल यांचा एकत्रित हिशेब मांडणारे पत्रक असून त्यातून दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: एकूण वजन त्या दिवशीच्या मर्यादेत आहे, आणि त्या वजनाचा मध्य विमानाच्या लांबीवर ज्या पट्ट्यात असायला हवा तेथेच आहे. वैमानिकाच्या सहीशिवाय हे पत्रक पुरे होत नाही आणि पत्रक पुरे झाल्याशिवाय विमान हलत नाही. आता प्रमाण पाहावे. सामानासह एका प्रवाशाचे वजन ९० किलो धरले, तर सुमारे ७८,००० किलो कमाल उड्डाणवजनाच्या एअरबस ए३२० विमानात तो ०.१ टक्क्याच्या आसपास भर घालतो. सुमारे २३,००० किलोच्या एटीआर ७२ मध्ये ०.४ टक्के, आणि सुमारे ४,००० किलोच्या कॅराव्हॅनमध्ये तब्बल सव्वादोन टक्के. मोठ्या विमानात शेवटच्या क्षणी आलेले दोन प्रवासी हिशेबातील किरकोळ दुरुस्तीने सामावता येतात. लहान विमानात तेच दोन प्रवासी इंधन, माल किंवा बसण्याची जागा यांतले काहीतरी बदलायला लावू शकतात.

तोलाचा प्रश्न तर वजनाहूनही नाजूक आहे. एटीआर विमानात प्रवासी शेपटीकडील दाराने चढतात, सामानाचा एक कप्पा वैमानिककक्षाच्या मागे आणि दुसरा शेपटीजवळ असतो, आणि सगळे प्रवासी मागच्या भागात गोळा झाले असता शेपूट खाली टेकू नये म्हणून जमिनीवर असताना मागे टेकू लावण्याची पद्धत आहे. अर्धे भरलेले विमान सुटताना परिचारिका प्रवाशांना विशिष्ट रांगांतच बसवते आणि मोकळी दिसली तरी पुढची खिडकी घेऊ देत नाही, यामागे शिस्तीची हौस नसून लोड शीटवर मांडलेला तोल असतो. त्यात हवामान भर घालते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात, आणि त्याच धावपट्टीवरून त्याच विमानाला सकाळपेक्षा दुपारी कमी वजन घेऊन उडावे लागते. सिमल्याला दीड हजार मीटरहून अधिक उंची आणि आखूड धावपट्टी एकत्र आल्यामुळे तेथून निघताना बरीच आसने रिकामी ठेवण्याची वेळ येत असे. अशा दिवशी कोणते सामान खाली ठेवायचे, कोणाला थांबवायचे हा निर्णय काउंटर बंद होऊन नेमका आकडा हाती आल्यावरच घेता येतो.

सामानाचा आणखी एक धागा आहे आणि तो दुःखद आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जणांचा मृत्यू झाला. स्फोटके असलेली बॅग विमानात चढली होती, पण ती देणारा प्रवासी चढलाच नव्हता. प्रवासी नसेल तर त्याचे सामानही विमानात राहता कामा नये, हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. बॅग देऊन उपाहारगृहात रेंगाळलेल्या प्रवाशासाठी विमान थांबते ते त्याच्या आदरापोटी नव्हे. त्याची बॅग शोधून बाहेर काढायलाही वेळ लागतो आणि ती काढल्यावर लोड शीट पुन्हा मांडावी लागते.

लहान विमानतळावरची माणसे हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मोठ्या ठिकाणी चेक-इन, गेट, सामान आणि लोड शीट यांसाठी वेगवेगळे गट नेमलेले असतात. छोट्या ठिकाणी कंपनीची मोजकी पाच-सहा माणसे हीच सगळी कामे पाळीपाळीने करतात: जी तरुणी काउंटरवर बोर्डिंग पास देते, तीच काउंटर मिटवून गेटवर उभी राहते आणि प्रवाशांना चालत विमानापर्यंत नेते, ज्याने बॅगा तोलल्या, तोच त्यांची संख्या उतरवून घेतो. सुरक्षातपासणीसाठी क्ष-किरण यंत्रही बहुधा एकच असते. म्हणून काउंटर बंद होणे याचा अर्थ येथे शब्दशः असा आहे की त्या जागी आता कोणी नाही, आणि त्या माणसाला परत बोलावले तर पुढचे काम अडते.

याला विमानाच्या साखळीची जोड द्यावी लागते. प्रादेशिक कंपन्यांचा ताफा लहान असतो, एकच विमान दिवसभरात पाच-सहा टप्पे उडते आणि प्रत्येक ठिकाणी उतरून पुन्हा सुटण्यासाठी त्याला जेमतेम अर्धा तास मिळतो. सकाळी गेलेली १५ मिनिटे संध्याकाळपर्यंत वाढत जातात, आणि शेवटच्या विमानतळावर रात्री उतरण्याची सोय नसेल, किंवा तेथील हवाई वाहतूक नियंत्रणाचे कामाचे तास संपत असतील, तर तो शेवटचा टप्पा रद्द करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि तेथे चुकलेला स्लॉट, म्हणजे उतरण्या-सुटण्यासाठी नेमून दिलेली वेळ, लहान विमानाला लवकर परत मिळत नाही. उशिरा आलेल्या एका प्रवाशासाठी दार उघडे ठेवले, तर त्याची किंमत तीन गावांपलीकडच्या अनोळखी प्रवाशांना मोजावी लागते. काउंटर वेळेवर मिटणे न्याय्य आहे, ते याच कारणाने.

परंतु न्याय एका बाजूने पुरा होत नाही. मुंबई–दिल्ली मार्गावर विमान चुकलेल्याला तासाभरात दुसरे मिळते. आठवड्यातून तीनच दिवस सेवा असलेल्या गावात विमान चुकले की प्रवास दोन दिवसांनी पुढे जातो किंवा रात्रीच्या गाडीने करावा लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वेळेत हजर असलेल्या प्रवाशाला जागा नाकारली आणि एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिले नाही, तर भरपाई द्यावी लागते: पर्यायी विमान २४ तासांच्या आतले असेल तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, आणि त्याहून उशिराचे असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपये. हा सारा हक्क ‘वेळेत हजर’ या दोन शब्दांवर उभा आहे. ज्याचे विमान स्वतःच्या उशिराने चुकले त्याला भरपाई नाही, मात्र तिकिटातील शासकीय कर आणि विमानतळाचे वापरशुल्क परत मिळवण्याचा अधिकार त्यालाही आहे, मूळ भाडे परत न मिळणारे असले तरीही. हा अधिकार फार थोडे प्रवासी मागतात.

गोव्याच्या बाबतीत वेगळीच सावधगिरी लागते. दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झालेले मोपा ही दोन विमानतळे एकमेकांपासून बरीच दूर आहेत, तिकिटावर दाबोळीचे संकेताक्षर जीओआय आणि मोपाचे जीओएक्स असते, आणि एका अक्षराचा फरक नजरेतून सुटला तर कोणतीही वेळमर्यादा गाठता येत नाही. दोन कंपन्यांची वेगळी तिकिटे काढून जोडप्रवास करणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे, की पहिल्या विमानाला उशीर झाला तरी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो केवळ उशिरा आलेला प्रवासी असतो.

खरी अडचण याहून खोल आहे. प्रादेशिक उड्डाणांच्या वेळा वारंवार बदलतात, कधी विमान ठरल्यापेक्षा आधीही सुटते, आणि तेव्हा काउंटरची मर्यादाही तितकीच अलीकडे सरकते. हा बदल संदेशाने कळवला जातो. परंतु लहान गावांत तिकीट एजंटाकडून काढण्याची रीत आहे, एजंट अर्जात पुष्कळदा स्वतःचाच मोबाइल क्रमांक भरतो, आणि संदेश त्याच्याकडे पडून राहतो. ज्याने तिकीट काढताना पुरेसा संपर्क दिला नाही, त्याला उड्डाण रद्द झाल्याची भरपाई मिळत नाही, असेही नियमच सांगतात. म्हणजे एजंटाच्या सवयीचा दंड प्रवाशाला भरावा लागतो. प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक पडताळल्याशिवाय तिकीट पुरे होऊ नये, आणि वेळ बदलल्यास मराठीतून दूरध्वनी जावा, ही अपेक्षा ७० आसनांच्या विमानाबाबत मुळीच अवाजवी नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की विमान एका तासाहून अधिक आधी सोडले तर ते रद्द केल्यासारखेच मानावे. भारतातील प्रादेशिक मार्गांसाठी हा उंबरठा अर्ध्या तासाचाच असावा, कारण देवगडहून किंवा वैभववाडीहून चिपीला निघालेला प्रवासी एसटीची जी फेरी धरून घराबाहेर पडतो, तिच्या आधीची फेरी बरीच आधीची असू शकते.