वाऱ्यावरचे घर

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात लॅरमी ते रॉलिन्स हा इंटरस्टेट ८० चा पट्टा म्हणजे वाऱ्याचे माहेरच! विकाऊ असलेले एक जुने मोटारहोम मी तेथेच चालवून पाहिले. कागदावरचे गुण उत्तम. पण शेजारून मालट्रक गेला, की त्याची शेपटी डुले. लांबी ३० फूट आणि दोन आसांतले अंतर जेमतेम १५! जाणकार हे अंतर लांबीच्या शेकडा ५५ च्या आसपास तरी मागतात. कमी असले, की मागे लोंबणारा भार पुढची चाके हलकी करतो. मग सुकाणू धरता धरता मनगटे भरून येतात. मालक म्हणाले, "होईल सवय!" पण मागे निजणारी माणसे आपलीच असतात. मी किल्ली परत दिली.