पलसाण्याच्या फाट्यावर

आमच्या बेळगावला लागून जाणारा पुणे-बंगळूर रस्ताच पुढे सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्यालाही जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पूर्वी तो इकडे चार नंबरचा, तिकडे आठ नंबरचा. 2010 च्या फेररचनेत दिल्ली ते चेन्नई असा एकच 48 क्रमांकाचा महामार्ग झाला. पलसाण्याजवळ त्याला हजिऱ्याहून बारडोली, नवापूर, धुळ्याकडे जाणारा रस्ता छेदतो. भोवती कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या. ट्रकांची रांग रात्रीही खंडत नाही.

सुरतेला लग्नाला जाताना नेमके तिथेच आमच्या गाडीचे मागचे चाक बसले. वेळ रात्री साडेअकराची. जॅक सापडला, पान्हा सापडेना. शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची. सासूबाई आतून "निधान, निधान" म्हणत होत्या, पण कानडी कळणारे तिथे आम्हीच!

मदतीला थांबलेला ट्रकवाला साक्रीकडचा. त्याने आधी मलाच झापले. "भाऊ, बायामाणसं गाडीत कशाला बसवली? कठड्यापलीकडं उभी करा." मग बाभळीची फांदी आणि पाच-सहा दगड मागे रस्त्यावर मांडून, स्वतःच्या पान्ह्याने चाक बदलून दिले. निघताना मात्र एकेक दगड उचलून बाजूला टाकला. "राहिला तर पहाटे एखादा मोटरसायकलवाला जायचा."

घरी आल्यावर डिकीच्या गालिच्याखाली इशाऱ्याचा लाल त्रिकोण सापडला. गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकसुद्धा फाडलेले नव्हते.

फ्रान्समध्ये 2008 पासून गाडीत त्रिकोण आणि चमकणारे पिवळे जाकीट सक्तीचे आहे. 2018 च्या आंदोलनात तीच जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले, कारण ती घरोघरी होतीच. स्पेनने जानेवारी 2026 पासून त्रिकोणाऐवजी टपावर ठेवायचा लुकलुकता दिवा आणला. त्रिकोण मांडायला चालत जाणारी माणसेच गाडीखाली येत होती. आपल्याकडे उलट, ऑक्टोबर 2020 पासून टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे सामान असेल तर लहान गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. नवी गाडी घेताना तेवढे विचारून घ्यावे. सक्तीला माझा विरोध नाही. पण त्रिकोण माझ्या गाडीतही होताच की! महामार्गावरच्या मदतीचा 1033 हा नंबरसुद्धा मला त्या रात्री आठवला नाही.

सासूबाई आता निपाणीला जायचे असले तरी आधी डिकी उघडायला लावतात. पान्हा मी अजून आणलेला नाही, हे परवा त्यांनीच शोधून काढले.