आधी ढील द्या

येवल्यात जन्मलेल्या पोराला पतंग वेगळा शिकवावा लागत नाही. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस आमचं गाव गच्चीवरच राहायला जातं. हलकडीचा ताल, हातात दोऱ्याची आसारी, आणि कुणाचा पतंग कापला गेला की गल्लीभर ‘वकाट’चा गजर. मी सातव्या वर्षी पहिला पेच घेतला. त्यामुळे एक्केचाळिसाव्या वर्षी रिमोटवरचं विमान घ्यायचं ठरवलं तेव्हा मनात फारशी शंका नव्हती. हवेतली वस्तू आपल्याला काही नवी नाही, हिला दोरा नाही एवढाच फरक, असं मला वाटत होतं.

माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मोटार, वायर, सोल्डरिंग रोजच्या हातातलं. त्यामुळे विमानाचं यंत्र मला घाबरवत नव्हतं. आणि कोणतं घ्यायचं, हेही ठरलेलं होतं : सुखोई. ओझरच्या कारखान्यात सुखोई-३० विमानं जुळली. नाशिककडे जाताना आभाळात तो आवाज आला की मी अजूनही स्कूटर बाजूला घेऊन वर बघतो. मोबाइलवर फोमचं सुखोई सापडलं, राखाडी रंग, दोन शेपट्या, दिसायला हुबेहूब. पैसे भरायचेच बाकी होते.

त्या संध्याकाळी दुकानात एक काका पंख्याचा कंडेन्सर घ्यायला आले. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मी हौसेनं फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि चार प्रश्न विचारले.

“किती हळू उडतं?”

मला वाटलं होतं, किती जोरात उडतं ते विचारतील.

“हात सोडले तर आपलं आपण सरळ होतं का? नाक फुटलं तर नवं नाक मिळतं का? आणि उडवणार कुठं?”

चारांपैकी फक्त शेवटच्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मामेभावाचं कांद्याचं रान, कांदा निघाला की मोकळंच पडतं.

काकांनी माझ्या बिलबुकातला एक कोरा कागद फाडला, मधोमध दुमडून पसरट ‘व्ही’सारखा केला आणि घडी खाली ठेवून हातातून सोडला. कागद तोल सावरत, घडी खालीच ठेवून, अलगद काउंटरवर उतरला. मग तोच कागद घडी वर करून सोडला. तो अर्ध्यातच गिरकी घेऊन उलटा झाला. “बघितलंत? शिकाऊ विमानाचे पंख असे टोकांकडे थोडे वर उचललेले असतात. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखाला हवा जास्त लागते आणि तोच पंख विमानाला परत उचलतो. चालवणारा गोंधळला तरी विमान गोंधळत नाही. तुमच्या सुखोईचा जन्म झटकन कलण्यासाठी झालाय. ते तुम्हाला सावरणार नाही, तुम्हीच त्याला सावरायचं. आणि तुम्हाला अजून येत नाही.”

शेवटचं वाक्य लागलं. पण सुखोई रद्द झालं.

पुढचे पंधरा दिवस काका रोज चहाला येत आणि माझी निवड घडत गेली. पंख अंगाच्या वर हवा, म्हणजे तोल राहायला मदत होते. पंखांचा विस्तार १४०० मिलिमीटरच्या आसपास हवा. लहान विमान स्वस्त पडतं, पण वाऱ्याची झुळूक त्याला पाचोळ्यासारखं फेकते आणि शंभर पावलांवर ते कुठल्या बाजूला कललंय हेच दिसत नाही. बाल्सा लाकडाची विमानं फार देखणी, पण एक पडझड म्हणजे आठवडाभराचं सुतारकाम. म्हणून फोम, त्यातही दाट, लवचिक जातीचा. मोटार पुढे नको, पाठीवर मागच्या अंगाला हवी, म्हणजे विमान नाकावर आपटलं तरी पंखा वाचतो. शेवटी जे ठरलं ते मोटार लावलेल्या ग्लायडरसारखं दिसत होतं. लांब पंख, बारीक शेपूट, पांढरं शुभ्र. बायको म्हणाली, “एवढा शोध घेऊन बगळा आणलात?”

खर्चाचा हिशोबही काकांनी उलटा मांडला. आधी रिमोट चांगला घ्या, तो पुढच्या दहा विमानांना चालेल. विमान तर पडायलाच आणायचं. रिमोट, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर सगळं धरून चौदा हजारांच्या आसपास गेले, त्यातले निम्म्याहून जास्त विमानाबाहेरच्या वस्तूंवर. तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी बघून मला वाटलं, हे तर आपलं खातं. पण तिचेही नखरे शिकावे लागले. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही, आठवडाभर ठेवायची तर ३.८ वर ठेवायची. फुगली की तिचा मोह सोडायचा. चार्जिंग चालू असताना तिला एकटं सोडायचं नाही. मी ती मातीच्या कुंडीत ठेवून, समोर बसून चार्ज करतो.

विमान येईपर्यंत रिमोट केबलनं संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव केला. पडद्यावर चाळीसेक विमानं पाडली. तिथंच पहिला मोठा घोळ कळला. विमान आपल्यापासून लांब जाताना डावं ते डावं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं. पतंगात हा प्रश्नच नाही, त्याचं तोंड कुठंही असलं तरी दोरा आपल्याच हातात असतो. काकांनी एक युक्ती दिली : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, रिमोटची काडी त्याच बाजूला ढकला, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. आजही मी तेच करतो.

एप्रिलमध्ये कांदा निघाला. सकाळी साडेसहाला आम्ही रानात. आमच्या गावाला वारा म्हणजे सण, पण शिकाऊ विमानाला पडलेली हवाच हवी. काकांनी विमान दोन बोटांवर तोलायला लावलं. पंखाखाली ठिपका असतो, तिथं ते सपाट राहिलं पाहिजे; नाही राहिलं तर बॅटरी पुढं-मागं सरकवायची. पतंगाला दोरा बांधताना भोकं कुठं पाडायची याचा जसा हिशोब असतो, तसाच हा. आधी रिमोट चालू, थ्रॉटल शून्यावर, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलट क्रम, आधी विमान बंद, मग रिमोट. मग काकांनी ते भाल्यासारखं, पण सरळ आणि सपाट, हवेत सोडलं.

ते उडालं. मी ते उडवत होतो असं म्हणणार नाही, पण पंधरा-वीस सेकंद ते उडत होतं. मग जरा खाली येतंय असं वाटलं आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपलं काम केलं. पतंग खाली यायला लागला की आम्ही खेचतो. मी काडी पोटाकडे ओढली. नाक वर गेलं, वेग मेला, विमान क्षणभर हवेत उभं राहिलं आणि एक पंख टाकून खाली यायला लागलं. मी आणखी ओढली.

“ढील द्या! ढील!” काका ओरडले.

ढील देईपर्यंत ते ढेकळात नाक खुपसून बसलं होतं.

बांधावर बसून काकांनी समजावलं. दोरा खेचला की पतंगाच्या अंगावरचा वारा वाढतो, म्हणून तो चढतो. विमानाच्या पंखावर येणारा वारा त्याच्या स्वतःच्या धावण्यातून येतो. ते मंदावलं असताना नाक वर ओढलंत की आहे तेवढाही वारा गेला. तिथं नाक खाली सोडायचं, वेग घेऊ द्यायचा. “राइट बंधूंनीही १८९९ मध्ये आधी पतंगच उडवला होता,” ते म्हणाले, “पण त्यांनी त्याचे पंख पिळून बघितले. पेच नाही लावले.”

नाकाला मुठीएवढा चेमटा पडला होता. घरी आल्यावर त्यावर उकळतं पाणी हळूहळू ओतलं. दबलेला फोम डोळ्यांदेखत पुरीसारखा फुगून जागेवर आला. शेपटीची चीर ग्लू गननं बंद केली. दुसऱ्या दिवशी विमान परत रानात. सुखोईच्या बाबतीत हे झालं नसतं, हे तेव्हा हातानं कळलं.

त्या उन्हाळ्यात विमान अकरा वेळा पडलं. एकदा शेजारच्या चाऱ्याच्या मक्यात गेलं. अर्धा तास दिसेना. मग काकांनी थ्रॉटल शून्यावर ठेवून शेपटीची काडी हलवत राहायला सांगितलं आणि आम्ही कान देऊन उभे राहिलो. पाच ओळी पलीकडून शेपूट हलवणाऱ्या सर्व्हो मोटारीची चिर्र चिर्र ऐकू आली, रातकिड्यासारखी. बाराव्या पडझडीची वेळ आली तेव्हा विमान कललं, मी घाबरलो, आणि या वेळी दोन्ही काड्यांवरचा जोर सोडून दिला. विमान थोडं खाली आलं, डुललं आणि सरळ झालं. बिलबुकातल्या त्या कागदासारखं.

तेव्हापासून मी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात आहे का ते बघतो, विमान नजरेच्या टप्प्यात आणि ४०० फुटांच्या खाली ठेवतो, आणि संक्रांतीचे तीन दिवस ते पेटीतून काढतच नाही. त्या दिवसांत आभाळ मांजाचं असतं, आणि मी गच्चीवर.

आता दुकानात कुणी ना कुणी येऊन विचारतं, पहिलं विमान कोणतं घेऊ. मी नाव सांगत नाही. एवढंच सांगतो, विकणाऱ्याला वेग विचारू नका. याचं नाक आणि पंख सुटे मिळतात का, ते विचारा. ‘मिळतात’ म्हणाला तर घ्या. ‘हे पडतच नाही हो’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.