झाडाच्या गळ्यातले दावे

गुरुवारी छत्रपती संभाजीनगरला काही काम निघाले की जुना शेतकरी छावणीत डोकावल्याशिवाय परत फिरत नाही. गुरुवार हा छावणीच्या आठवडी बाजाराचा दिवस. शहराच्या गर्दीतून बाहेर पडून खाम नदी ओलांडली की हवाच बदलल्यासारखी वाटते. लष्कराची वसाहत, बैठे बंगले, आणि रस्त्याच्या कडेला कडुनिंब, चिंच, वड यांची जुनी झाडे. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने इथेच इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला होता. तो इतिहास आज वाटसरूच्या ध्यानात नसतो. सावली मात्र सर्वांच्या ध्यानात राहते.

वाचकहो, आज आपल्याला बैल घ्यायचा नाही की भाजीपाला घ्यायचा नाही. घ्यायचा आहे फक्त एक दोर. नागपंचमी तोंडावर आली आहे. नातीने अंगणातल्या निंबाला झोका हवा म्हणून हट्ट धरला आहे, आणि जावईबापूंना दोन झाडांमध्ये बांधायचा तो जाळीचा झोपाळा, ज्याला हॅमॉक म्हणतात, तो हवा आहे.

बाजारात दोरांची दुकाने पाहण्यासारखी असतात. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, सोल, चऱ्हाटे. पूर्वी अंबाडीचा आणि घायपाताच्या वाखाचा माल दिसे. आता रंगीत नायलॉनचे राज्य आहे. एका मावशींपुढे मी बसकण मारली आणि एक बारीक, चिवट निळी दोरी उचलली.

“कशाला पाह्यजे, सायब?” मावशींनी विचारले.

“झोक्याला.”

“मंग ती ठिवा खाली. ती दोरी तुटायची नाय, पण झाडाला कापती. दोर जाड घ्या.”

मी कृषी पदवीधर, तीस वर्षे गावोगाव शेतकऱ्यांना सल्ला देत हिंडलो. पण त्या एका वाक्याने मी चपापलो. कारण मावशी जे बोलल्या ते शिकण्यासाठी मला माझ्या वडिलांचे एक झाड गमवावे लागले होते.

निंब का मोडला?

ती गोष्ट आधी सांगतो, मग पुढे बाजार पाहू. आमच्या घरापुढे वडिलांनी लावलेला कडुनिंब होता. माझे लग्न झाले, मुलगी झाली. तिच्या झोळीसाठी आणि कपडे वाळत घालण्यासाठी मी त्या निंबाच्या खोडाला लोखंडी तार गुंडाळली, चांगली पिळून पक्की केली. पुढे बदली झाली. झोळी सुटली, कपड्यांची दोरी सुटली, तार तशीच राहिली. काही वर्षांनी वडील म्हणाले, निंब उतरल्यासारखा दिसतो. मी सुट्टीत आलो, पाने पाहिली, शेणखत घातले, पाणी द्यायला सांगितले. तार मला दिसलीच नाही, कारण खोडाने ती गिळली होती. बाहेरून फक्त एक कंगोरा दिसत होता.

मे महिन्यातल्या एका वावधानात निंब नेमका त्या कंगोऱ्यावर मोडला. खाली रोज बाज टाकलेली असे आणि तिच्यावर घरातली मुले खेळत. वारा सुटला म्हणून आईने पाचच मिनिटांपूर्वी मुलांना घरात घेतले होते. बाजेचे चारही खूर निखळले. कुऱ्हाडीने खोड फोडले तेव्हा आत माझी तार निघाली. वडील एवढेच म्हणाले, “वासराचं दावं सैल करायचं असतं, हे तुला कोणत्या कॉलेजात शिकवलं नाही का रे?”

वासरू वाढते, त्याची मान भरते, दावे मात्र तेवढेच राहते. वेळीच सैल केले नाही तर ते कातडीत रुतते. छावणीच्या जनावरांच्या बाजारात जा. जाणता गिऱ्हाईक गळ्याखाली हात घालून दाव्याचा वण पाहतो. हाच नियम झाडाला लागू आहे, आणि वासरू निदान हंबरते तरी. झाड बोलत नाही.

साल म्हणजे झाडाची शिदोरीची वाट

झाडात दोन वाटा असतात. मुळांनी घेतलेले पाणी आतल्या लाकडातून वर चढते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या ओल्या थरातून खाली मुळांकडे येते. लाकूड आणि साल यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ थर असतो; खोड जाड होते ते त्याच्यामुळे. सबंध घेराभोवती साल दाबली गेली की वरून येणारी शिदोरी अडते. म्हणून फासाच्या वरचा भाग फुगतो आणि खालची मुळे उपाशी राहतात. पाणी वर चढत असते, त्यामुळे झाड एखाद-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ हिरवे दिसते. रोगाचे कारण तोवर कुणालाच आठवत नाही.

द्राक्षबागाईतदारांना हे सांगायला नको. मणी फुगावेत म्हणून ते वेलीच्या सालीची अगदी अरुंद कडी काढतात. अन्न वरच अडते आणि घडाला मिळते. पण ती जखम काही आठवड्यांत भरून येईल एवढीच ठेवतात. ब्रह्मदेशात सागवान तोडण्याआधी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड उभ्या उभ्या वाळवीत, म्हणजे ओंडके नदीत तरंगत. एकाचा उपयोग फळासाठी, दुसऱ्याचा मरणासाठी. आपण अंगणातल्या झाडाला तार बांधून विसरतो तेव्हा नकळत दुसरेच काम करतो.

आणखी एक गैरसमज काढून टाका. झाड वाढले की दोरही वर वर जाईल असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. झाड उंच होते ते शेंड्याकडून. छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर असतो. खोड मात्र जाड होत जाते आणि फास आवळत जातो.

झोपाळा ताणून बांधू नका

मावशींच्या दुकानावर दौलताबादकडचा एक तरुण शेतकरी भेटला. त्याने शेतावर हुरड्याची आणि पाहुण्यांच्या राहण्याची सोय केली आहे. त्याला जाळीचे सहा झोपाळे हवे होते. “साहेब, झोपाळा खाली लोंबतो, पाहुणे हसतात. मी एकदम ताठ बांधतो,” तो म्हणाला. मी त्याला तिथेच मातीत काडीने हिशेब काढून दाखवला. तो तुम्हीही पाहा.

दोन झाडांत १२ फुटांचे अंतर आहे आणि झोपणारा माणूस ७० किलोंचा आहे असे समजा. तो आडवा झाल्यावर झोपाळ्याचा मध्य गाठीच्या पातळीपासून सुमारे साडेतीन फूट खाली गेला, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर साधारण ७० किलोंचा ताण येतो. मध्य फक्त एक फूट खाली गेला, तर तोच ताण २०० किलोंच्या वर जातो. अर्धा फूट गेला तर ४०० च्या वर! माणूस तोच, दोर तोच. केवळ ताठ बांधण्याचा हा परिणाम. मग दोर तुटतो, नाहीतर कोवळे झाड आत झुकते आणि मुळे हलतात.

म्हणून १२ फुटांच्या अंतराला गाठ साडेपाच फुटांवर घ्यावी. माणूस बसल्यावर झोपाळा जमिनीपासून दोन फुटांवर येतो, खुर्चीएवढा. त्याहून उंच बांधण्यात शहाणपण नाही. पडलो तरी हाड मोडू नये एवढीच उंची असावी. खाली दगड, पाट्याची धार, पाइपाचे तोंड असे काही राहू देऊ नये. हा झोपाळा मूळचा वेस्ट इंडीज बेटांकडचा. १४९२ मध्ये कोलंबसाच्या माणसांनी तो तिथल्या लोकांकडे पाहिला आणि पुढे जहाजांवरच्या खलाशांनी उचलला. तिथेही तो लोंबताच असे, ताठ नव्हे!

झाड कसे निवडावे?

खोडाचा घेर निदान तीन वीत भरला पाहिजे. कडुनिंब, चिंच, आंबा, बाभूळ ही आपल्याकडची भरवशाची झाडे. वडाच्या खोडाला बांधा, पारंब्यांना नको. शेवगा, पांगारा, हादगा, जांभूळ, गुलमोहर यांच्या फांद्या ठिसूळ. त्यांच्या वाटेला जाऊ नये. निलगिरीची फांदी कधी गळून पडेल याचा नेम नाही.

मग झाडाभोवती एक फेरी मारा. खोडावर मुठीने ठोका. पोकळ आवाज येतो का? बुंध्याशी अळंबी उगवली आहे का? वाळवीची माती, भिरुडाची भोके, सालीचा भुसा दिसतो का? नुकताच शेजारी चर खणून मुळे तोडली आहेत का? मान वर करून पाहा: वाळलेला फाटा, विजेची तार, आग्या मोहोळ. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर दुसरे झाड शोधा.

गाठ नव्हे, पट्टा

मावशींनी सांगितले ते खरे: बारीक दोरी सालीत शिरते, रुंद वस्तू भार पसरवते. झाडाभोवती निदान दोन इंच रुंद पट्टा घ्या. ट्रकचा माल बांधतात तसला जाड विणीचा पट्टा उत्तम. त्याच्या टोकाच्या फासात झोपाळ्याचा दोर अडकवा. पट्टा नसेल आणि दोरच वापरायचा असेल, तर खोडाभोवती बाजेची नवार किंवा गोणपाटाची घडी गुंडाळा, तिच्यावर बोटभर रुंदीच्या बांबूच्या कामट्या उभ्या लावा आणि त्यांच्यावर दोर घ्या. कामट्यांमध्ये थोडी जागा राहू द्या, म्हणजे दोर सालीला सगळीकडून आवळत नाही. खिळा, हूक, तार यांना पूर्ण मनाई. आणि सर्वांत मोठा नियम: काम झाले की सोडा. झोपाळा गुंडाळताना पट्टाही काढून घरात न्या.

नागपंचमीच्या झोक्याचे गणित थोडे वेगळे आहे. झोका जोरात आडवा होईपर्यंत गेला, तर खाली येताना दोरांवर वजनाच्या तिप्पट ओढ येते. ४० किलोंच्या मुलीची ओढ १२० किलोंची होते. दोघी उभ्या राहून झोका चढवतात तेव्हा किती, याचा विचार करा. म्हणून फांदी जिवंत आणि मांडीहून जाड हवी, खोडाशी रुंद काटकोनात जोडलेली हवी. अरुंद बेचक्यातून निघालेली फांदी आतून फाटते. फांदीवरून टाकलेला दोर झोक्याबरोबर मागेपुढे सरकून करवतीसारखा साल कापतो. त्यासाठी फांदीला पट्ट्याचा न हलणारा फास घ्यावा, त्यात लोखंडी कडी अडकवावी आणि झोक्याचा दोर कडीत बांधावा. घासायचे ते कडीत घासेल. बांधून झाल्यावर आधी घरातल्या दोन मोठ्या माणसांनी लोंबकळून पाहावे, मग मुलींना बसवावे.

तान्ह्यांच्या झोळीबद्दल आयांना चार शब्द सांगतो. खुरपायला किंवा ऊसतोडीला गेलेली माउली बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधते. लुगडे उजेडाकडे धरून पाहा. विरलेले असेल तर घेऊ नका. झोळी जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच ठेवा. दोराचे मोकळे टोक लेकराच्या हाती किंवा गळ्याशी येता कामा नये. फांदीवर मुंगळ्यांची रांग आहे का ते पाहा. थोरल्या भावंडांना मोठे झोके देऊ नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला किंवा जुंपलेल्या गाडीला झोळी कधीही बांधू नका.

परतीच्या वाटेवर

जाड दोर आणि दोन पट्टे घेऊन निघालो. दौलताबादच्या तरुणाने सहाऐवजी चारच झोपाळे घेतले. “दोन झाडं शेवग्याची आहेत, साहेब,” तो हसून म्हणाला. छावणीतल्या सावलीच्या रस्त्याने येताना एका निंबाच्या खोडावर कंगोरा दिसला. जवळ जाऊन पाहिले. आत तारेचे टोक. कुणी कधी फलक बांधला असेल, नेला असेल. ही झाडे लष्कराच्या हद्दीतली. विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये, बांधूही नये. आणि अशी रुतलेली तार स्वतः ओढून काढूही नये, साल फाटते. आपल्या घरच्या झाडाला असे झाले असेल, तर दिसते तेवढी तार दोन-तीन ठिकाणी तोडून फास मोकळा करावा आणि रुतलेला भाग तसाच ठेवावा. झाड ते सोसून जगू शकते. मात्र त्याला पुन्हा भार देऊ नये, आणि त्याच्याखाली बाज टाकू नये.

घरी आलो. जुन्या निंबाच्या जागी वडिलांनीच पुढे लावलेला दुसरा निंब आता तीन वीत झाला आहे. झोका बांधला, आम्ही दोघा नवराबायकोंनी लोंबकळून पाहिले, नात खळखळून हसली. नागपंचमी झाली की मी तो सोडणार आहे.

वाचकहो, आज संध्याकाळी गोठ्यात जाल तेव्हा वासराच्या दाव्यात दोन बोटे घालून पाहालच. येताना अंगणातल्या झाडांवरूनही एकदा हात फिरवा. गेल्या वर्षीचा दोर, रोपाला दिलेल्या आधाराची सुतळी, कपड्यांची तार, काहीतरी सापडेलच. ते आजच सोडा.