नमुना पाहिल्याशिवाय

घाटकोपर पूर्वेच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानास पन्नास वर्षे पूर्ण होत होती. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या दोन मित्रांनी निम्मे-निम्मे भांडवल घालून ते उघडले होते. त्यांपैकी एक भागीदार बऱ्याच वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांचा हिशेब पै-पैसह चुकता झाला, कुटुंब मुलुंडला स्थायिक झाले. पण दोन्ही घरांचा जाण्यायेण्याचा संबंध तुटला नाही. हयात असलेले भागीदार, ज्यांना सारा बाजार अण्णा म्हणून ओळखतो, त्यांची एकच इच्छा होती : या निमित्ताने दुकानाच्या छायाचित्रांचे एक पुस्तक व्हावे आणि ते दोन्ही घरांत राहावे.

पुस्तकाचे काम नातीने अंगावर घेतले. मागणी असेल तेवढ्याच प्रती छापून घरपोच देणाऱ्या सेवा आता मोबाइलवरच मिळतात. छायाचित्रे चढवावीत, पानांची मांडणी करावी, पैसे भरावेत. आठ-दहा दिवसांत पुस्तक दारी. पूर्वी छापखान्याकडे जावे तर पाचशे प्रतींच्या खाली बोलणे होत नसे. येथे एकही प्रत छापून मिळते. साठ प्रतींची मागणी नोंदविली गेली. आधी एक प्रत मागवावी असे सुनेने सुचविले होते. पण सवलतीची मुदत त्या रात्रीच संपत होती आणि समारंभास बारा दिवस उरले होते.

खोकी आली ती समारंभाच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हाती पुस्तके पडली. मुलुंडच्या काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुकानाच्या उद्घाटनाचे एकमेव छायाचित्र दोन पानांवर पसरून मोठे छापले होते. डावीकडे अण्णा, उजवीकडे जमलेली माणसे आणि बरोबर मध्यभागी, हातात नारळ घेतलेले काकूंचे यजमान. काकूंनी पान उघडले, दोन्ही अंगठ्यांनी दाबून आणखी उघडले. यजमानांचा चेहरा बांधणीच्या खाचेत गेला होता. एक कान आणि अर्धी टोपी तेवढी दिसत होती.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. अण्णांनी ते पाहिले होते. रात्री घरी आल्यावर त्यांनी नातीला एकच प्रश्न विचारला, “बाळ, नमुना मागवला होता का?”

या प्रश्नाचे वजन कापडाच्या व्यापाऱ्यासच कळेल. अण्णांनी पन्नास वर्षांत नमुना न पाहता एक तागा उचलला नाही. रंग पाहायचा तर ट्यूबलाइटखाली नव्हे, उंबऱ्याबाहेर सूर्याच्या उजेडात. पोत पाहायचा तर बोटांनी. आणि त्याच घराने आपल्या साऱ्या इतिहासाच्या साठ प्रती पडद्यावरच्या चित्रावर विसंबून मागविल्या होत्या.

दोष एक नव्हता, आणि प्रत्येकाचे कारण समजण्याजोगे होते. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद केवळ पडलेला प्रकाश परत करतो. पडद्यावर रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतात, कागदावर निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. पडद्यावर झळकणारे मोरपंखी आणि राणी रंग या शाईत पूर्णपणे उतरत नाहीत. पडद्याचा उजेड पूर्ण चढवून पाहिलेले चित्र कागदावर काळवंडते. जुनी कृष्णधवल छायाचित्रे चार रंगांच्या शाईने छापली की त्यांवर कधी हिरवट, कधी तांबूस झाक येते. साठ प्रतींत काही हिरवट होत्या, काही तांबूस. एकाच मागणीच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर वा वेगवेगळ्या वेळी छापल्या गेल्या तर असे घडते. दोन वेळा रंगविलेल्या तागांची छटा जुळत नाही, हे कापड बाजारास ठाऊक आहेच.

दुसरा दोष धूसरपणाचा. स्वच्छ छपाईस इंचामागे ३०० बिंदू लागतात. म्हणजे आठ इंच रुंदीच्या पानास २४०० आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रास ४८००. उद्घाटनाचे छायाचित्र मुलुंडहून व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. त्या मार्गाने आलेले चित्र वाटेतच आकसते. सोळाशे बिंदूंचे चित्र सोळा इंचांवर ताणले तर इंचामागे शंभरच उरतात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले असते तर मूळ आकारात आले असते. चार इंच रुंदीचे जुने छायाचित्र ६०० बिंदूंच्या घनतेने स्कॅन केले असते तर आठ इंचांच्या पानास अगदी पुरले असते.

तिसरा दोष मराठीचा. चित्रांखालच्या ओळींत जोडाक्षरे फुटली होती, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरास चिकटली होती. ‘प्रतिष्ठान’ हा शब्द वाचवेना. परदेशी घडणीच्या पुष्कळ मांडणी-प्रणालींना देवनागरीची जोडणी नीट जमत नाही. मजकूर आधी स्वतंत्रपणे जुळवून, अक्षरवळण पीडीएफमध्ये अंतर्भूत करून, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली असती तर हे टळले असते. ज्या मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी खिळ्यांचा लौकिक देशभर नेला, त्या मुंबईत हे घडावे याची खंत वाटते.

घाटकोपरला तर रंगीत छपाईचा वारसाच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये आपला शिळाछापखाना काढला तो याच घाटकोपरला. पुढे तो मळवलीस गेला. तेथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगछटेचा दगड वेगळा असे आणि तोच कागद एकामागून एक त्या दगडांवरून जाई. एखादा दगड केसभर सरकला तरी देवीचा ओठ गालावर उमटे. म्हणून आधी कच्ची प्रत काढायची, जाणत्याने ती पाहायची, दुरुस्त करायची आणि मगच छपाईस हात घालायचा, ही त्या धंद्याची रीतच होती. पुढील काळातील साध्या गल्लीतला मुद्रकही गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय यंत्र सुरू करीत नसे. “शेठ, हा चेहरा शिलाईत जाईल,” असे सांगणारा तो माणूस होता.

मागणीनुसार छपाईत तो माणूस वजा झाला आहे. स्वस्ताई त्यातूनच आली. यंत्र दिलेली फाइल निमूटपणे छापते. चेहरा कोणाचा, तो कोठे पडतो, हे त्यास कळत नाही. बँकेत नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. येथे दुसऱ्याची खुर्ची रिकामी असते, आणि ती गिऱ्हाइकानेच भरावयाची असते.

तक्रार करण्यात आली. नऊ प्रतींची पाने सुटली होती. खोकी उघडतानाची छायाचित्रे काढून ठेवल्यामुळे त्या प्रती बदलून मिळाल्या. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करणे विक्रेत्या संकेतस्थळांवर बंधनकारक आहे. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करता येतो. परंतु खाचेत गेलेल्या चेहऱ्याबद्दल उत्तर आले, ‘आपण पाठविलेल्या फाइलप्रमाणेच छापले आहे.’ अण्णांनी ते वाचले आणि म्हणाले, “खरे आहे. माप आपलेच चुकले. त्यांच्याशी वाद नको.”

मूळ छायाचित्र मुलुंडला चौकटीत सुरक्षित होते, हे सुदैव. दमट हवेने ते काचेस चिकटले होते. ओढून काढले असते तर चेहराच काचेवर राहिला असता. म्हणून काचेसह, उजेडाची तिरीप टाळून, जाणकाराकडून त्याचे नवे चित्र घेतले. ते दोन पानांवर न पसरता एकाच पानावर घेतले. कडेपासून मजकूर सेंटीमीटरभर आत ठेवला आणि कापणीसाठी चित्र तीन मिलिमीटर बाहेर सोडले. सपाट उघडणारी बांधणी निवडली. तिचा दर अधिक, म्हणून प्रती साठाऐवजी पंचवीस. आणि प्रथम एकच प्रत मागविली.

ती प्रत आली तेव्हा अण्णा दुकानात होते. त्यांनी ती गल्ल्यावर उघडली नाही. उंबऱ्याबाहेर जाऊन उन्हात धरली, पानावरून बोट फिरवले, एका ओळीतील वेलांटी नातीस दाखविली, दोन चित्रे उजळ करण्यास सांगितली. पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘पाहिले’ असे लिहून सही केली. मगच उरलेल्या प्रतींची मागणी गेली.

त्यांतील पहिली प्रत घेऊन ते स्वतः मुलुंडला गेले. काकूंनी चष्मा लावून ते पान उघडले. या वेळी दाबावे लागले नाही. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “नारळ त्यांच्या हातात होता, हे मी विसरलेच होते.”

अण्णांनी आधीच्या पुस्तकाविषयी क्षमा मागितली. काकूंनी ती ऐकली की नाही, सांगता येत नाही. त्या सुनेला हाक मारून तिला यजमानांचा चेहरा दाखवीत होत्या.