डबीतला उन्हाळा

ऊन कुठलं कडक, अकोल्याचं की अमरावतीचं, या विषयावर आमच्या घराण्यात दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या आहेत. ४५ अंशांचा आकडा सांगताना अकोलेकर असा चेहरा करतात, की जणू तो त्यांनी कष्टानं कमावला आहे! अशा मुलखात पत्त्याच्या पानाएवढा संगणक पाळायचा म्हणजे मांजरापेक्षा जास्त काळजी.

या संगणकाचं नाव रास्पबेरी पाय. केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली तो शाळकरी पोरांसाठी बाजारात आणला. माझ्याकडे आहे तो २०१९चा चौथा अवतार, अकोल्याच्या भाच्यानं दिलेला. त्याला काम एकच: आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिफितींतली खरखर काढणं. आई गेली, कॅसेटी सहा उरल्या.

"पंखा लावा की," असं जो तो म्हणतो. पण जिथे आईचा आवाज ऐकायचा तिथे पंख्याची घरघर नको. शिवाय आमच्या धुळीत एवढासा पंखा एका वैशाखात रामराम म्हणतो.

८० अंशांवर गेलं, की हे यंत्र जीव वाचवायला आपणच आपली चाल मंदावतं. प्लॅस्टिकच्या बंद डबीत भर दुपारी आकडा ८२! मी चिपवर धातूचा कंगोरेदार तुकडा चिकटवणार, असं कळताच भाचा फोनवर म्हणाला, "मामा, डबी बंद ठेवून त्याचा काय उपेग? रजई पांघरून मोजे काढल्यावानी हाय ते!"

मग ॲल्युमिनियमची डबी आली. तिच्या पोटातला खुंट मधल्या मऊ चकतीतून चिपला टेकतो, आणि सगळी डबीच उष्णता बाहेर टाकते. तिला भिंतीपासून वीतभर दूर उभी केली, म्हणजे तापलेली हवा दोन्ही अंगांनी वर जाते आणि खालून नवी येते. आकडा ७१वर आला.

त्याच्या खाली मात्र तो हलेना. कारण साधं आहे. अशी डबी उष्णता फक्त हवेला देऊ शकते. हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. इंग्लंडात खोली २० अंशांची, म्हणजे ८०पर्यंत ६० अंशांचं मैदान मोकळं. आमची खोलीच ४०ची! "ओलं फडकं गुंडाळा, माठावानी," शेजारच्या काकूंनी सुचवलं. पण माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. संगणक पाझरला, तर दहावा घालावा लागेल.

शेवटी उपाय वऱ्हाडीच निघाला. उन्हाळ्यात आमचा शेतकरी पहाटे रानात जातो आणि दुपारी बाभळीखाली लवंडतो. भाच्यानं यंत्राला रात्री अकरा ते पहाटे सहाची पाळी लावून दिली. "मामा, त्याले बी दुपारचं लवंडा लागते ना!"

परवा पहाटे दुसरी कॅसेट साफ झाली. खरखर गेली, आणि आईच्या आवाजाखालून जात्याची घरघर वर आली. भाचा म्हणाला, "हे बी काढू का?"

म्हटलं, "खबरदार!"